दिवा, गिझर आणि संध्याकाळची वीज

खोलीत कोणी नसताना दिवा चालू ठेवू नये, ही शिकवण आपल्यापैकी बहुतेकांना घरातच मिळाली. देणाऱ्यांना बिलाची काळजी होती; पुढे शाळेने त्यात पृथ्वीची काळजी मिसळली. शिकवण योग्यच आहे. पण वीज वाचवण्याचे आपले सगळे भान दिव्याच्या बटणापाशी येऊन थांबते आणि त्यामुळे घरातला मोठा खर्च नजरेआड राहतो, असे मला वाटते.

आधी मूळ प्रश्न. एका घरातला एक दिवा बंद केल्याने कुठे काही वाचते का? चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राचे जनित्र तर फिरतच असते, अशी शंका शिकलेली माणसेही काढतात. वाचते. तारांमध्ये वीज साठून राहत नाही. जेवढी वापरली जाते तेवढीच त्या क्षणी निर्माण करावी लागते. मागणी घटली की जनित्रांचा वेग किंचित वाढतो, वारंवारता ५० हर्ट्झच्या वर सरकू लागते आणि कुठेतरी वाफेची किंवा पाण्याची झडप थोडी मिटते. एका दिव्याचा परिणाम मोजता येणार नाही इतका लहान, पण झडप लाखो घरांच्या बेरजेला प्रतिसाद देते आणि त्या बेरजेत आपलाही दिवा असतो. औष्णिक केंद्रात एका युनिटमागे सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो. सूर्य मावळल्यावर सौरवीज संपते आणि भार कोळशावर व कोयनेच्या जलविद्युत केंद्रांवर येतो. कोयनेतून वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. संध्याकाळची गरज कमी झाली तर तेवढे पाणी कोयनेच्या शिवसागर जलाशयात पुढच्या गरजेसाठी शिल्लक राहते.

वाचते हे खरे; किती वाचते, हा प्रश्न मात्र बदलला आहे. ६० वॅटच्या पिवळ्या बल्बमध्ये गेलेल्या विजेतला जेमतेम विसावा हिस्सा उजेड होई, बाकीची उष्णता. तो रात्रभर, म्हणजे आठ तास, विसरला तर जवळपास अर्धे युनिट जाई. ट्यूबलाइट सारखी चालू-बंद केली तर जास्त वीज जाते, असाही एक समज होता. सुरू होताना लागणारी जादा वीज क्षणभराची असते. खरे नुकसान होई ते ट्यूबच्या आयुष्याचे. मग जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारची ‘उजाला’ योजना आली. २०१४ मध्ये सरकारी खरेदीत सुमारे ३१० रुपयांना पडणारा एलईडी दिवा दोन-अडीच वर्षांत ३८ रुपयांवर आला आणि देशभर ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. आज ९ वॅटचा दिवा आठ तास विसरला तर ०.०७२ युनिट जाते.

त्याच घरात सकाळी आंघोळीसाठी पंधरा लिटर पाणी वीस अंशांनी तापवायला सुमारे ०.३५ युनिट लागते. तेवढ्यात तो दिवा सुमारे ३९ तास जळेल. एका बादलीत इतकी वीज आहे, आणि गिझर चालू राहिला म्हणून मुलांना ओरडणारे घर मला क्वचित दिसते. छतावरचा ७५ वॅटचा जुना पंखा बारा तासांत ०.९ युनिट घेतो; ३० वॅटचा बीएलडीसी (ब्रशविरहित मोटरचा) पंखा त्याच वेळात ०.३६. हा फरक रोजचा आहे आणि विदर्भ-मराठवाड्यात पंखा वर्षातले बहुतेक महिने चालतो. उजेड डोळ्यांना दिसतो म्हणून त्याची उधळण खुपते. उष्णता, थंडावा आणि मोटर यांचा खर्च भिंतीआड किंवा गच्चीवर चालतो.

ग्रामीण महाराष्ट्राने हा फरक फार पूर्वी ओळखला होता. २००५ च्या सुमारास लोडशेडिंगने गावे अंधारात बुडत होती, तेव्हा महावितरणने ‘अक्षय प्रकाश योजना’ आणली. गावाने एकमताने ठरवायचे की संध्याकाळी कृषिपंप, गिरणी, विजेची शेगडी चालवायची नाही. बदल्यात त्या वेळेत दिवे जाणार नाहीत. मला ही योजना विलक्षण शहाणपणाची वाटते. मुलांच्या अभ्यासाचा, स्वयंपाकघरातला उजेड तिने राखला आणि भार जिथे होता तिथून उचलला. ती उभी होती शेजाऱ्यांच्या एकमेकांवरील विश्वासावर, कारण एकाने गुपचूप पंप लावला तर साऱ्या गावाचा करार मोडला असता.

तरीही दिव्याला क्षुल्लक ठरवू नये. करोनाच्या टाळेबंदीत, ५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊ वाजता, पंतप्रधानांच्या आवाहनावरून देशाने नऊ मिनिटे दिवे मालवले. आवाहन फक्त घरातल्या दिव्यांपुरते होते. मागणी १२ ते १४ हजार मेगावॉटने घटेल असा अंदाज असताना ती सुमारे ३१ हजारांनी घटली, म्हणजे त्या वेळच्या मागणीच्या चौथ्या हिश्शाहून अधिक. जलविद्युत केंद्रांनी थोड्याच वेळात निर्मिती सुमारे साडेसतरा हजार मेगावॉटने उतरवली आणि नंतर पुन्हा वाढवली, म्हणून ग्रिड टिकले. काहींनी दिव्यांसोबत इतर उपकरणेही बंद केली असतील. तरी एवढा आकडा सांगतो की एकाच वेळी लागणारे छोटे दिवे मिळून मोठा भार होतात. पण ते बहुतांशी वापरातले दिवे होते. तिथली बचत दिवा कोणता आहे यातून येते. रिकाम्या खोलीतला दिवा हा त्या भाराचा लहानसा भाग.

म्हणून मला ‘किती’इतकाच ‘केव्हा’ हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. दुपारी सौरवीज भरपूर असते. संध्याकाळी सातला वापरलेले युनिट कोळशाचे असण्याची शक्यता कितीतरी जास्त. शेतीपंपांना दिवसा सौरवीज पुरवणाऱ्या सौर कृषी वाहिन्यांमागे हाच विचार आहे आणि त्यामुळे शेतकऱ्याचे रात्री-अपरात्री साप-बिबट्याच्या भीतीत पाणी धरणेही टळते. शहरांनी मात्र आपल्या पंपांकडे पाहिलेले नाही. पुण्या-मुंबईच्या सोसायटीत साडेसात अश्वशक्तीचा पंप टाकी भरायला तासभर चालला की साडेपाच युनिटे जातात. ९ वॅटचा दिवा तेवढ्यात सहाशे तास जळेल. अनेक ठिकाणी तो सवयीने संध्याकाळी लावला जातो. जिथे महापालिकेच्या पाण्याची वेळ आड येत नाही आणि जमिनीखालची टाकी मोठी आहे, तिथे तो दुपारी दोनला लावायला एक रुपयाही खर्च नाही. कमिटीने ठराव करून वॉचमनला वेळ बदलून द्यायची एवढेच. भाड्याच्या घरांचे तसे नाही. तिथे पंखा घरमालक घेतो आणि बिल भाडेकरू भरतो, त्यामुळे स्वस्त पण वीजखाऊ पंखाच छताला लागतो. भाडेकराराच्या यादीत ‘पंखे : ३’ असे लिहितात, तिथे त्यांचे वॅटही लिहायला लावले पाहिजेत.