धूर, आग आणि बाबांचा ग्राइंडर



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ४८.

चार दिवस काही लिहिलं नाही, त्याबद्दल क्षमा. आलापल्लीला घरी होतो. रेंज येत-जात होती आणि हात ग्रीसने इतके काळे होते की मोबाइलला लावायची सोय नव्हती.

या श्लोकाचा भाव आपल्याला माहीत आहे. आग म्हटली की धूर आलाच. तसं कुठलंही काम घ्या, त्यात काही ना काही दोष असतोच. म्हणून आपल्या वाट्याला आलेलं काम त्यातल्या दोषापायी टाकून देऊ नये. माझा हा आवडता श्लोक. खरं सांगायचं तर सोयीचा श्लोक. रिलीज घाईत गेलं, टेस्ट राहून गेल्या, कुणीतरी वॉर्निंग बंद करून ठेवली, की मी मनातल्या मनात भगवंताला साक्षीला काढायचो : धूर तर असणारच! यंदा हा श्लोक मला एका गंजलेल्या यंत्रासमोर बसून परत वाचावा लागला आणि तो तितका सोयीचा राहिला नाही.

बाबांचं आलापल्लीत सुतारकामाचं दुकान होतं. आमच्याकडचं सागवान वेगळं सांगायला नको. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातलंच सागवान गेलं. तेव्हा बाबा होते. टीव्हीवर ती मिरवणूक बघताना त्यांनी हात जोडले होते आणि मग, सवयीने, लाकडाचे रेषे कसे आहेत ते स्क्रीनजवळ जाऊन बघितलं होतं. त्यानंतर वर्षभरात ते गेले.

दुकानाच्या कोपऱ्यात एक बेंच ग्राइंडर होता. मध्ये मोटर, दोन्ही टोकांना धार लावायचा एकेक गोल दगड. बिडाची बॉडी, एकट्याला उचलायला जड. पटाशी, वाकस, रंध्याची पाती, गावातल्या लोकांच्या कुऱ्हाडी, सगळ्याला त्यावर धार लागायची. मला आठवतो तो मात्र गोणपाटाखाली झाकलेला. मी चौथीत असताना त्याच्यावर अपघात झाला. बाबांकडे काम करणारे एक काका (नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही) पटाशीला धार लावत होते. दगडाचा तुकडा उडाला आणि त्यांचा डावा डोळा गेला. बाबांनी नागपूरपर्यंत नेलं, सगळा खर्च केला, त्यांना शेवटपर्यंत कामावर ठेवलं. आणि ग्राइंडरवर गोणपाट टाकलं ते कायमचं. दर खंडेनवमीला बाकीची हत्यारं धुऊन, पुसून, मांडून त्यांची पूजा व्हायची. ग्राइंडरला मात्र गोणपाटावरूनच हळदकुंकू आणि एक झेंडूचं फूल. लहानपणी मला वाटायचं, आत कुणीतरी झोपलंय.

बाबांच्या पश्चात यंदा ठरवलं, हा दुरुस्त करायचा. पुण्यात मी फक्त कीबोर्ड दुरुस्त करतो, तेवढा आत्मविश्वास पुरेसा वाटला.

पहिला पूर्ण तास डाव्या बाजूचा नट उलटा पिळण्यात गेला. डाव्या टोकाचे आटे उलटे असतात, म्हणजे शाफ्ट फिरताना नट आपोआप सैल होऊ नये. नेहमीचा नट जिकडे आवळतो, तिकडे तो सुटतो. मग रॉकेल, तारेचा ब्रश, दोन्ही बेअरिंग बाहेर. आत ग्रीस नव्हतं, तपकिरी मेण होतं. नवीन बेअरिंग आणि कपॅसिटर चंद्रपूरहून आणले. वायर कापडी वेष्टणाची होती आणि पिन दोनच. ती काढून अर्थिंगसकट तीन पिनची बसवली. मोटरचं वाइंडिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतलं, ते शाबूत निघालं. रंग दिला नाही. बाबांच्या हाताने जिथे रंग झिजलाय, तिथे मला नवीन रंग नको होता.

खरा प्रश्न दगडांचा होता. दगडाला चीर आहे का, हे कळायची एक साधी रीत आहे. तो बोटावर किंवा खुंटीवर टांगायचा आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच टिचकी द्यायची. चांगला दगड खणखणीत वाजतो, चिरलेला बद्द वाजतो. उजवीकडचा अर्धवट फुटलेला होताच. डावीकडचा दिसायला अखंड, बाबांनी शेवटचा वापरलेला. तो बद्द वाजला. मी चार वेळा वाजवून बघितला. त्याला ठेवून घेण्यासाठी कारणं शोधत होतो, हे आता लिहिताना कळतंय. सहा इंची दगड मिनिटाला २८५० फेरे घेतो, तेव्हा त्याची कड ताशी ८० किलोमीटर वेगाने पळत असते. त्यातून सुटलेला तुकडा बाबांचा आहे की बाजारातला, हे बघत नाही.

मग गार्ड. दगडावर लोखंडी पत्र्याचं अर्धगोल आवरण असतं. उजव्या बाजूचं नव्हतंच. मला वाटलं, अपघातात तुटलं असेल. ते सापडलं बाबांच्या खिळ्यांच्या पेटीत तळाला. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, तेल लावलेलं, त्याचे तिन्ही बोल्ट आपापल्या भोकात नीट फिरवून ठेवलेले. एक ओरखडासुद्धा नाही. म्हणजे ते अपघातात तुटलं नव्हतं. अपघाताच्या आधीच कुणीतरी पान्याने व्यवस्थित काढून ठेवलं होतं. लांब पाती आणि कुऱ्हाडी धरताना ते आड येतं, बस, एवढंच कारण असणार.

त्या रात्री अठरावा अध्याय पहिल्यापासून वाचायला घेतला, कारण एकटा ४८वा श्लोक माझ्याशी बोलेना.

आणि मग दिसलं की भगवंतांनी त्याच अध्यायात, तेवीस श्लोक आधी, दुसरं काही सांगून ठेवलंय. २५व्या श्लोकात तामस कर्माचं वर्णन आहे : पुढे काय होईल, किती नुकसान होईल, कुणाला इजा होईल, आपल्याला हे झेपेल का, यातलं काहीच न बघता मोहाने सुरू केलेलं काम. गार्ड काढणं हे दुसरं काय? आम्ही कोडमध्ये करतो तेच. एरर येते, ती पकडून गिळून टाकतो, पुढे जातो. आज काही झालं नाही, उद्याही होत नाही, आणि मग एका दिवशी होतं.

म्हणजे ४८व्या श्लोकातला धूर हा तो धूर आहे, जो आग ठेवून काढताच येत नाही. सुताराला झाड तोडलेलं लागतंच. आलापल्लीच्या जंगलाशेजारी राहून हे नाकारता येत नाही. भामरागडच्या रस्त्याला ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ नावाचा जुन्या जंगलाचा एक तुकडा न तोडता राखलेला आहे. २०१४ मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं, महाराष्ट्रातलं पहिलं. तिथल्या सागाखाली मान वर करून उभं राहिलं की आपल्या घरातल्या प्रत्येक खुर्चीचा हिशेब आठवतो. तो दोष सुतारकामाला चिकटलेलाच आहे. पण गार्ड काढणं सुतारकामाला चिकटलेलं नव्हतं. तो धूर आपणच खिडकी बंद करून कोंडलेला. त्याला ४८व्या श्लोकाचं छत्र देणं म्हणजे श्लोकाशी लबाडी आहे. ती मी वर्षानुवर्षं केली.

इथवर माझं मन समाधानी होतं. बाबा आधी चुकले, मग त्यांनी यंत्र झाकून प्रायश्चित्त घेतलं, असा हिशेब मी लावला. पण ७ आणि ८ या श्लोकांनी तोही टिकू दिला नाही. मोहाने केलेला त्याग तामस, आणि दुःखाच्या, त्रासाच्या भीतीने केलेला राजस. त्याला त्यागाचं फळ नाही. मी थांबलो. ज्याने अपराधाच्या ओझ्याखाली एक यंत्र आयुष्यभर झाकून ठेवलं, त्याच्या त्यागाला नावं ठेवणारा मी कोण? बाबांना ते बघवत नसेल, एवढंच असेल. माणसाला एखादी गोष्ट बघवत नाही, याला रजोगुण म्हणायचं का? मला अजूनही नीट सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी गार्ड पिशवीत घालून नागेपल्लीला काकांकडे गेलो. हे सोपं नव्हतं. वाटेत दोनदा वाटलं, म्हाताऱ्या माणसाची जखम कशाला उकरायची. माफी मागायची तर कुणाच्या वतीने? बाबांनी मला मुखत्यारपत्र दिलं नव्हतं.

काका अंगणात बसले होते. मी गार्ड काढून समोर ठेवलं. त्यांनी ते हातात घेतलं, फिरवून बघितलं आणि म्हणाले, “हे अजून आहे?”

मी म्हटलं, “काका, बाबांनी हे काढलं नसतं तर...”

“तुह्या बाबानं एकट्यानं नाही काढलं, बाबू. मी पाना पकडला होता. मलेच अडचण होत होती कुऱ्हाडी घासाले.”

मी गप्प झालो. माझी अख्खी पाठ केलेली माफी तिथेच निरुपयोगी झाली. मग मी विचारलं, बाबांवर राग नाही का? ते जरा वेळ बोलले नाहीत.

“डोळ्याचा नाही. त्यानं मशीन झाकली, त्याचा होता. झाकली ना, मग धार कोण लावे? मीच. दगडावर, हातानं. एका डोळ्यानं. दिवसाच्या दहा पटाश्या. त्याले वाटे, आपण लय मोठं सोडलं. सांगाव कसं त्याले?”

मंडळी, आठव्या श्लोकावर याहून नेमकं भाष्य मी ऐकलेलं नाही. बाबांच्या त्यागाची किंमत बाबांनी दिली नव्हती. ती ज्याचं आधीच नुकसान झालं होतं, त्यानेच दिली, वीस वर्षं, ओल्या दगडावर पाती घासत. कामात धूर असतो, तसा काम सोडण्यातही असतो. तो फक्त दुसऱ्याच्या घरात जातो म्हणून आपल्या डोळ्यांत पाणी येत नाही. बाबांनी यंत्र झाकण्याऐवजी गार्ड परत बसवलं असतं, दगड बदलला असता, एक चष्मा आणला असता, तर ते रोज त्या यंत्रासमोर उभे राहिले असते आणि त्यांना रोज तो दिवस आठवला असता. ते त्यांना जमलं नाही. मला जमलं असतं, असं म्हणायची माझी हिंमत नाही. ऑफिसात ज्या मॉड्यूलमुळे माझ्या हातून मोठी चूक झाली, त्याला मी नंतर हात लावत नाही. ते काम टीममधल्या एका ज्युनिअरकडे जातं. त्याला मी ‘त्याला शिकायला मिळेल’ असं नाव दिलंय. सोमवारी ते परत माझ्याकडे घेतोय. हे इथे लिहिलं म्हणजे मागे फिरता येणार नाही.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्यात बाहेरच्या कर्माला मनाची जोड हवी, या जोडीला विनोबा विकर्म म्हणतात. कॉलेजात मी हे वाचलं होतं आणि ‘मन’ म्हणजे भक्तिभाव, एवढाच अर्थ घेतला होता. भाव बाबांकडे होताच. गोणपाटावर दरवर्षी फूल वाहायला भाव लागतो. पण मन लावणं म्हणजे, आपण जे करतोय किंवा सोडतोय त्याने शेजारच्या माणसाचं काय होतंय, हे विचारणंही असावं. काकांना कुणी विचारलं नव्हतं. बाबांनी नाही, मी पण नाही, इतकी वर्षं दिवाळीला त्यांच्या पाया पडूनसुद्धा.

शनिवारी ग्राइंडर पूर्ण झाला. दोन्ही गार्ड बसवले. टेकू आणि दगड यांच्यातली फट ३ मिलिमीटरच्या आत ठेवली. दगड झिजतो तशी ही फट वाढत जाते आणि हत्यार आत ओढलं जातं. बहुतेक त्या दिवशी तेच झालं असावं. काकांना निरोप पाठवला होता. ते आपला वाकस घेऊन सायकलवर आले. मी त्यांना चष्मा दिला तर म्हणाले, “एका डोळ्याले दोन काचा कायले?” आणि घातला. नवीन दगड पहिला एक मिनिट नुसता फिरू द्यायचा आणि आपण बाजूला उभं राहायचं. आम्ही दोघे भिंतीला टेकून उभे राहिलो. मोटर घरघरली, मग आवाज बारीक होत स्थिर झाला. काका काही बोलले नाहीत. मीही नाही.

मग ते पुढे झाले, वाकस टेकवला, दोन वेळा फिरवला, पाण्यात बुडवला, अंगठ्याने धार बघितली आणि नाक मुरडलं.

“दगड कडक आणला तू. पोलादाले मऊ दगड लागते. पुढच्या वेळी चंद्रपूरले जाशीन तं पांढरा आणजो.”

चूक माझीच होती. दुकानदाराने जो दिला तो मी घेतला, वरची अक्षरं वाचलीच नव्हती. मंगळवारी निघायच्या आधी बदलून आणतो.

राम कृष्ण हरी.