हिशेब मागणारा धर्म

ख्रिस्ती धर्म पैशाकडे कसा पाहतो, या प्रश्नाची दोन ठरीव उत्तरे आहेत. येशूने श्रीमंत तरुणाला सर्वस्व विकून गरिबांना द्यायला सांगितले, म्हणून खरा ख्रिस्ती निष्कांचन असावा, हे एक. समृद्धी ही ईश्वरी कृपेची खूण, हे दुसरे. ते अलीकडे अनेक प्रार्थनासभांतून ऐकू येते. दोन्ही उत्तरांत लक्ष रकमेवर आहे. शुभवर्तमानांतल्या दृष्टान्तांत मात्र धन्याची मालमत्ता सांभाळणारा कारभारी पुन्हा पुन्हा भेटतो आणि त्याच्याकडे हिशेब मागितला जातो. संपत्ती आपली नाही, सोपवलेली आहे आणि तिचा जाब द्यायचा आहे, हा या विचाराचा गाभा. नागपुरात तो पारखून पाहता येतो.

इथले स्कॉटिश मिशन उभे राहिले ते मद्रास फौजेतले अधिकारी विल्यम हिल यांच्या सुमारे 2,500 पौंडांच्या देणगीवर. 1845 मध्ये नागपुरात आलेले स्टीफन हिस्लॉप ज्या फ्री चर्चचे होते, त्याच्या साडेचारशेंवर धर्मोपदेशकांनी 1843 मध्ये सरकारमान्य चर्चचे वेतन आणि राहती घरे सोडली होती. हिस्लॉप 1863 मध्ये वारले. वीस वर्षांनी त्यांच्या नावाचे महाविद्यालय शहरातल्या महाल भागात सुरू झाले. तिथे शिकलेले बहुसंख्य विद्यार्थी ख्रिस्ती नव्हते. देणाऱ्याचा हक्क संपला आणि देणगी शहराची झाली, हे सोपवलेल्या धनाचे उत्तम उदाहरण.

यावर सर्वांत गंभीर आक्षेपही नागपुरातूनच आला. ख्रिस्ती मिशनांच्या कामाच्या चौकशीसाठी मध्य प्रदेश सरकारने 1954 मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी होते. शाळा, दवाखाने आणि परदेशी पैसा धर्मांतरासाठी वापरला जातो, असे समितीच्या 1956 च्या अहवालात म्हटले. चर्चने तो निष्कर्ष नाकारला. पण नकार पुरेसा नाही. पैशाने आत्म्याचे सामर्थ्य विकत मागणाऱ्या शिमोनाला पेत्राने कठोर शब्दांत फटकारल्याची कथा प्रेषितांच्या कृत्यांत आहे. जे विकत घेता येत नाही, ते विकत देताही येत नाही. म्हणून आमिषाचा आरोप ख्रिस्ती माणसाने स्वतःच्या धर्मग्रंथाच्या आधारे तपासला पाहिजे. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनचे वेतन सोडले, त्यामागे हीच टोचणी होती असे मला वाटते.

दुसरा आक्षेप असा, की ज्या समाजात बहुतेक लोक गरीब आहेत, त्याला निरिच्छतेचा उपदेश करणे निर्दयपणाचे आहे. खरेच आहे, पण सर्वस्व विकण्याची आज्ञा श्रीमंत तरुणाला झाली होती, दानपेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेला नव्हे. जाब आधी ज्याच्या हाती आहे त्याने द्यायचा, आणि आज सर्वांत जास्त आहे ते संस्थांच्या हाती. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यानंतर जमिनींवरून दावे चालले. गुजरातेतल्या एका ब्रदरन चर्चच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितले, की केवळ विलीनीकरणाच्या ठरावाने विश्वस्त निधीची मालमत्ता नव्या संस्थेकडे जात नाही. महाराष्ट्रातही सार्वजनिक न्यासाची जमीन धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीविना विकता येत नाही. कायदा जो जाब सक्तीने मागतो, तो मंडळीने आपणहून द्यायला हवा: प्रत्येक व्यवहार सभासदांपुढे, विक्रीआधी. असा उघडा हिशेब ही भक्तीचीच कृती आहे.