आधी कारण दाखवा

ब्रह्मपुत्रेच्या पात्रात गाळाची बेटं आहेत. आसामात त्यांना ‘चर’ म्हणतात. तिथल्या एखाद्या बाईला ‘तू या देशाची कशावरून?’ असं विचारलं, की ती बापाचं नाव सांगते. 1951च्या नागरिक नोंदवहीत किंवा 1971पूर्वीच्या मतदारयादीत ते सापडतंही. अडतं त्याच्या पुढे: ती त्याच बापाची लेक कशावरून? जन्मदाखला नाही, बाळंतपण घरीच झालेलं. शाळेचा दाखला नाही, शाळेत घातलंच नव्हतं. लग्न लवकर झालं, त्यामुळे मतदारयादीत नाव आलं ते थेट सासरच्या गावी, नवऱ्याच्या नावासोबत. माहेरशी जोडणारा एकच कागद उरतो, ग्रामपंचायत सचिवाचा दाखला. 2017 साली गुवाहाटी उच्च न्यायालयाने तोही बाद केला. त्याच वर्षअखेरीस सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीच्या अटीवर तो ग्राह्य धरला. त्यात नदी चर कापत नेते. घर जातं, घराबरोबर कागदांची पेटीही.

परका कोण, हे ठरवायचा अधिकार देशाला आहेच, त्याबद्दल वाद नाही. पण चोरीचा आरोप असला तरी तो शाबीत करायची जबाबदारी सरकारची असते. इथे मात्र 1946च्या परकीय नागरिक कायद्याच्या कलम 9ने ती परकीय न्यायाधिकरणाची नोटीस आलेल्या माणसाच्याच गळ्यात घातली. नोटीस पोचली नाही, वकिलाला पैसे नाहीत, मजुरी बुडवून तारखेला जाता आलं नाही, की निकाल एकतर्फी. 1985 ते फेब्रुवारी 2019 या काळात असे सुमारे 64 हजार लोक परकीय ठरले, हे सरकारनेच संसदेत सांगितलेलं आहे.

जुलै 2024मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका आसामी माणसावरचा परकीयपणाचा शिक्का पुसला. वाटेल त्याला पकडून ‘सिद्ध कर’ म्हणता येणार नाही, संशयाला काही आधार हवा, असं न्यायालयाने बजावलं. नावाच्या स्पेलिंगमधल्या किंवा तारखांमधल्या बारीकसारीक फरकांवरून माणूस परका ठरत नाही, हेही सांगितलं. (आपल्यापैकी कितीजणांचं नाव आधार, रेशनकार्ड आणि सातबाऱ्यावर एकसारखं असेल?) निकाल लागला तेव्हा तो माणूस हयात नव्हता.

न्यायाधिकरणांना यापुढे निदान एवढं तरी करता येईल: संशयाचं कारण नोटिशीतच लिहायचं, आणि ज्याला ऐपत नाही त्याला पहिल्या तारखेच्या आधी सरकारी खर्चाने वकील द्यायचा.