विधवेचे तेल आणि खाणीचे धन

शास्त्रपाठ : २ राजे ४:१-७; ईयोब २८



ईयोबाच्या ग्रंथाचा अठ्ठाविसावा अध्याय आपण बहुधा ज्ञानाची महती सांगण्यासाठी वाचतो. परंतु त्याचा आरंभ होतो तो खाणीपासून. रुपे, सोने, लोखंड आणि तांबे यांच्या शोधात मनुष्य काळोखात उतरतो, वस्तीपासून दूर दोराला लोंबकळतो. वरची भूमी अन्न देत असता तिचे पोट मात्र आगीने ढवळून निघते, असे तेथे वर्णन आहे. झारखंडातील झरिया येथे दगडी कोळशाच्या थरांना लागलेली आग १९१६ सालापासून नोंदलेली आहे. तेथील लोकांना हे वचन समजावून सांगावे लागत नाही.

भूमीच्या पोटातील धन कोणाचे? पृथ्वी व तिच्यातील सर्व काही परमेश्वराचे आहे असे आपण मानतो. अनुवादाच्या आठव्या अध्यायात देव आपल्या लोकांना ज्या देशाचे वचन देतो, त्या देशातील लोखंड व तांबेही त्याच्याच देणग्यांत मोजलेले आहे. परंतु खनिजाची देणगी धान्यासारखी नाही. शेत पुढील वर्षी पुन्हा पिकते. खाणीतून काढलेला दगड पुन्हा उगवत नाही. म्हणूनच प्रश्न उभा राहतो : जे एकदाच मिळते, त्याचे आपण असे काय करावे की ते पुढच्या पिढीलाही पुरेल?

या प्रश्नाचे उत्तर अलीशाच्या काळातील एका विधवेच्या घरात सापडते. पती वारला आहे, कर्ज डोक्यावर आहे आणि सावकार तिच्या दोन मुलांना दास करून नेण्यासाठी आला आहे. दारिद्र्याचा हात पहिल्याने लेकरांवर पडतो, हे पवित्र शास्त्राने किती स्पष्टपणे पाहिले आहे! कोडरमा आणि गिरिडीह या जिल्ह्यांत अभ्रकाचा टाकाऊ चुरा, ज्याला तेथील लोक ढिबरा म्हणतात, तो वेचण्यासाठी आईबापांबरोबर लेकरेही गेली आहेत. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २०१० साली लागू झाला. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास २०१६ च्या दुरुस्तीने मनाई केली. कायदा हवाच, परंतु घरात चूल पेटत नसेल तर मूल शाळेच्या वाटेऐवजी टेकडीची वाट धरते. शिक्षण आणि उपजीविका यांना वेगळे करता येत नाही.

अलीशाने काय केले ते पाहा. त्याने त्या बाईच्या हातावर भिक्षा ठेवली नाही. तुझ्या घरात काय आहे, असे त्याने विचारले. तिच्याजवळ तेलाचे एक भांडे होते. तेथूनच देवाने आरंभ केला. मग शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणण्यास त्याने सांगितले. चमत्कार देवाचा, तेल विधवेचे, पण भांडी मात्र शेजाऱ्यांची! आणि भांडी संपली तेव्हा तेल थांबले. शेवटी तेल विकून आधी कर्ज फेडावे व उरलेल्यावर मुलांसह निर्वाह करावा, अशी आज्ञा झाली. मुले घरीच राहिली.

आपल्या देशात अशी भांडी ठेवण्याची एक तरतूद झाली आहे. खाणी व खनिजे यांविषयीचा १९५७ चा कायदा २०१५ साली सुधारण्यात आला आणि खाणी असलेल्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन करण्याचे ठरले. खाणमालकाने सरकारला द्यावयाच्या स्वामित्वधनाखेरीज, १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या पट्ट्यांवर त्या रकमेच्या ३० टक्के आणि नंतर लिलावाने दिलेल्या पट्ट्यांवर १० टक्के इतकी भर या प्रतिष्ठानात घालावी लागते. हा पैसा खाणीमुळे बाधित झालेल्या लोकांसाठी आहे. पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, स्त्रिया व बालकांचे कल्याण आणि कौशल्यविकास यांना त्यात अग्रक्रम आहे. अनुसूचित क्षेत्रातील गावांत योजनेला ग्रामसभेची संमती लागते. चंद्रपूरच्या कोळसा पट्ट्यात राहणाऱ्या वाचकाला हे नाव अपरिचित नसेल. पण आपल्या गावासाठी त्यातून काय मागितले गेले, हे आपण कधी विचारले आहे काय?

कर्जाविषयीही विधवेची गोष्ट सावध करते. गोव्यात खनिजाच्या भरभराटीत डिचोली, सत्तरी, सांगे भागांतील पुष्कळ कुटुंबांनी कर्ज काढून ट्रक घेतले. २०१२ साली खाणी बंद झाल्या; ट्रक उभे राहिले, हप्ते मात्र थांबले नाहीत. त्या लोकांनी आळस केला नव्हता. त्यांचा सारा उद्योग एकाच खाणीच्या दारात बांधलेला होता. म्हणून खाणवस्तीत लहान उद्योगाला हात द्यावयाचा तर तो खाण बंद झाल्यावरही चालेल असा असावा : शिवणकाम, दुग्धव्यवसाय, कुक्कुटपालन, दुरुस्तीचे दुकान, वनोपजावरील प्रक्रिया. गोव्याच्याच बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली लोहखनिजाच्या विक्रीतील १० टक्के रक्कम एका कायम निधीत ठेवण्याचा आदेश दिला. संपणाऱ्या धनातून न संपणारे काही राखावे, हाच त्यामागील विचार होय.

आता मंडळीकडे वळू. आपल्यापैकी कित्येकांच्या घरात पहिले अक्षर मिशनच्या शाळेत आणि वसतिगृहात आले. कोणीतरी दूरच्या देशात आपली नाणी वेचून दिली, म्हणून आपले आजोबा वाचू लागले. ते ऋण देणाऱ्याला परत करता येत नाही. ते पुढच्या लेकराला द्यावयाचे असते. आपली मंडळी बल्लारपुरात असो, धनबादमध्ये असो की खाणीपासून फार दूर मुंबईत असो, तिला तीन गोष्टी करता येतील. खाणकामगाराच्या एका तरी मुलीच्या दहावीनंतरच्या शिक्षणाचा भार उचलावा. बचत गटातील भगिनींना हिशेब ठेवण्यास व बँकेचे कागद वाचण्यास शिकवावे. कारण न वाचता दिलेला अंगठा हीच सावकाराची पहिली पायरी असते. आणि सुशिक्षितांनी ग्रामसभेत बसून गरिबाच्या वाट्याचा हिशेब नम्रपणे, पण निर्भयपणे मागावा.

हिशेबाची लाज वाटू नये. यरुशलेमेत विधवांच्या वाटपात अन्याय झाल्याची कुरकुर उठली, तेव्हा प्रेषितांनी ती दडपली नाही. चांगल्या नावाचे सात पुरुष निवडले. पौलानेही दानाच्या रकमेसाठी एकट्याने जबाबदारी न घेता सोबती नेमले. जो पैसा गरिबांसाठी आहे, त्याचा चोख हिशेब ही उपासनाच होय.

प्रिय बंधुभगिनींनो, तेल थांबले ते देवाजवळ तेल नव्हते म्हणून नव्हे, भांडी उरली नव्हती म्हणून. सावकार आजही खाणवस्तीच्या दारात उभा आहे, आणि आतली दोन लेकरे त्याच्याकडे पाहत आहेत. शेजारीण आपल्या दारावर येऊन भांडे मागत असेल, तर आपण तिला काय उत्तर देणार?

हे प्रभू, जे तुझे आहे ते आमच्या हातून तुझ्या लेकरांपर्यंत पोहोचू दे. आमेन.