‘सोस’ म्हणण्याचा अधिकार



आजचं चिंतन गीतेच्या २ऱ्या अध्यायातल्या १४व्या श्लोकावर. थंडी-ऊन, सुख-दुःख येतात नि जातात, ते सोसायला शीक, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. या सोसण्यालाच तितिक्षा म्हणतात. ऑफिसचं टेन्शन असो की ब्रेकअप, आपण हा श्लोक लगेच आठवतो. पण दुबईत कागदपत्रांशिवाय राबणाऱ्या मजुरालाही हेच सांगायचं का? हा प्रश्न मला सतावतोय.

त्याची अवस्था बघा. एजंटने व्हिजिट व्हिसावर पाठवलेलं असतं, किंवा पगार थकला म्हणून त्यानेच काम सोडलेलं असतं. तिथे कामाचा व्हिसा मालकाशी बांधलेला. मुदत संपली की दंड रोज ५० दिरहमने चढत जातो. ताप आला तरी दवाखान्यात जायची भीती. पोलीस दिसला की रस्ता बदलायचा. गावी कर्ज आहे, म्हणून रिकाम्या हाताने परतायची लाज. झोप उडालेली असते, आणि तरी व्हिडिओ कॉलवर आईला हसून सांगायचं, "मजेत आहे गं."

तो सोसतोच आहे. मग इथे पंख्याखाली बसून त्याला तितिक्षा शिकवणारा मी कोण?

मला वाटतं, श्लोक कुठून सांगितला गेला ते पाहायला हवं. भगवंत अर्जुनाच्याच रथावर होते, हातात लगाम धरून. आणि ‘सोस’ म्हणून ते थांबले नाहीत. त्याच अध्यायात ‘ऊठ’ असंही म्हणाले. म्हणजे तितिक्षा म्हणजे गप्प बसणं नव्हे. पुढचं पाऊल सुचेल इतकं मन शांत ठेवणं, ही तितिक्षा. दाटीच्या खोलीत एकत्र रांधलेलं जेवण, मोबाईलवरचं भजन, आपल्या भाषेतल्या गप्पा यांनी मजुराचं मन तेवढं तरी तगतं.

पुढचं पाऊल मात्र एकट्याला कठीण जातं. २०२४ मध्ये १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर यूएईने माफी योजना राबवली. दंड माफ होता, मायदेशी गेल्यावर पुन्हा येण्यावर बंदीही नव्हती. आपल्या वकिलातींकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. त्यातून अडकलेल्या गरजूंना परतीचं तिकीटही मिळू शकतं. पण लपून राहणारा माणूस ऑफिसच्या दाराशी जायलाच घाबरतो. कुणीतरी आपलं माणूस त्याला धीर देऊन तिथवर न्यायला लागतं.

६व्या अध्यायातला ३२वा श्लोक सांगतो, दुसऱ्याचं सुखदुःख स्वतःसारखं पाहणारा योगी श्रेष्ठ. म्हणून मी माझ्यापुरता अर्थ असा घेतो: २.१४ माझ्या दुःखासाठी, ६.३२ दुसऱ्याच्या.

आजचा संकल्प: ओळखीतलं कुणी आखातात असेल तर फोन करा. "मजेत" ऐकून लगेच ठेवू नका. हळूच विचारा, "पगार वेळेवर होतो ना रे? पासपोर्ट तुझ्याकडेच आहे ना?" आणि मग उपदेश न करता ऐका.

राम कृष्ण हरी!