सहावीचा पट

परिपाठ संपला की गुरुजी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात दिवसाचा हिशेब मांडतात. मुलगे, मुली, एकूण. पट किती, हजर किती. वाड्यावस्त्यांवरच्या जिल्हा परिषद शाळांत सहावी ते आठवीचे हे आकडे रोडावत चालले आहेत. कुटुंबं लहान झाली, माणसं कामासाठी शहराकडे गेली आणि इंग्रजी माध्यमाची पिवळी गाडी दारात येऊ लागली. कारणं सगळ्यांना पाठ आहेत.

पण पट घटला म्हणून काय करायचं, हा प्रश्न वेगळा आहे. शाळेला किती शिक्षक द्यायचे हे ठरवणाऱ्या, १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयाने वीसपेक्षा कमी पटाच्या या वर्गांना शिक्षकाचं पदच नाकारलं. शिक्षक संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठवला, तो रास्तच होता. शिक्षण हक्क कायदा सहावी ते आठवीसाठी वर्गामागे किमान एक शिक्षक मागतो. विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा या तिन्हींना जाणकार माणूस हवा, असं स्पष्ट सांगतो.

आणि ते का, हे वर्गात बसलं की कळतं. सहावीत मूल पहिल्यांदा ऋण संख्येला भिडतं, समीकरण मांडू लागतं. एकच गुरुजी तिन्ही वर्ग सांभाळत असतील, तर अर्ध्या फळ्यावर सातवीची उदाहरणं आणि उरलेल्या अर्ध्यावर सहावीचे अपूर्णांक, अशी ओढाताण होते. छेद समान का करायचा, हे एखाद्या मुलीला तिथेच अडलेलं असतं. तिच्या वहीपाशी दोन मिनिटं थांबायला कोणी मोकळं नसतं. मग तेच पोर आठवीत गेल्यावर भागाकारापाशी अडखळतं आणि आपण म्हणतो, सरकारी शाळेचा दर्जा घसरला.

शिक्षक नाही म्हणून गावातला वर्ग बंद झाला तर ओढ्यापलीकडच्या शाळेत मुलगा सायकल मारत जाईल. मुलीला मात्र अनेक घरांत सातवीतच घरी बसवलं जातं. बचतीचा हिशेब करणाऱ्यांनी ही मुलगी कोणत्या रकान्यात धरली आहे?

खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा पटाअभावी बंद पडायला आली होती. चांगले शिक्षक आणि गावाची साथ मिळाली, तसा पट वाढला आणि २०२५ मध्ये ती जागतिक पुरस्कारापर्यंत पोहोचली. शिक्षक आधी आला, पट मागून आला. शासनाने हा क्रम उलटा धरू नये.

पालकहो, शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा कायद्याने तुमच्या आहेत. पुढच्या बैठकीला जा, मुलीच्या आईलाही सोबत न्या. आमच्या सहावीला गणिताचे शिक्षक कधी मिळणार, एवढं विचारा आणि मिळालेलं उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.