शोधाची रीत बदलताना

सावकाश बसा. एक चालू राउटर डोळ्यांसमोर आणा. त्याला दहा गिगाबिटची एक जोडणी आहे. लहानात लहान पॅकेटं एकापाठोपाठ आली, तर सेकंदाला सुमारे 1 कोटी 49 लाख. एकेकाच्या वाट्याला जेमतेम 67 नॅनोसेकंद येतात, आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच: पुढे कुठे?

आधी या प्रश्नापाशीच थांबा. इंटरनेटच्या संपूर्ण आयपीव्ही4 तक्त्यात नऊ लाखांहून अधिक रूट आहेत. एका पत्त्याला त्यांतले अनेक लागू पडू शकतात. ज्याचा प्रिफिक्स, म्हणजे पत्त्याचा सुरुवातीचा भाग, सर्वांत लांबवर जुळतो तो रूट निवडायचा. नियम हा एवढाच. तो पाळण्याच्या रीती मात्र अनेक आहेत.

आता एकेक रीत मनात उलगडा. 4.3बीएसडी रेनोमध्ये 1990 साली आलेलं रॅडिक्स झाड बिट तपासत खाली उतरतं; पायरीगणिक मेमरीत नवी फेरी. गुप्ता, लिन आणि मॅककिओन यांची 1998 ची रीत पत्त्याच्या पहिल्या 24 बिटांसाठी सुमारे 1 कोटी 68 लाख घरं मांडते. बहुतेक उत्तरं एका वाचनात मिळतात, पण घर दोन बाइटांचं धरलं तरी 32 मेगाबाइट लागतात. झेक, रिझो आणि मिकुच यांची 2012 ची डीएक्सआर पत्त्यांचे सलग पट्टे करून त्यांत दुभागत शोधते. तिची मांडणी कॅशेत मावेल इतकी आटोपशीर.

‘सर्वांत वेगवान कोणती?’ हे मनात आलं असेल. त्याला घाई करू देऊ नका. आपल्याकडे रूट किती? ते कितीदा बदलतात? कॅशेत आणखी वाटेकरी कोण? मोजके रूट असतील, तर साधा दुभागणी-शोधही पुरतो. फ्रीबीएसडी या कार्यप्रणालीत 13 व्या आवृत्तीपासून कर्नल रूटांची संख्या पाहून रीत स्वतः निवडतो; हवी ती रीत आपणही चालू यंत्रावर लावू शकतो.

तो बदल संथपणे पाहा. मूळ तक्ता जागचा हलत नाही. त्याच्यावरून नवी रचना शेजारी उभी राहते; तोवर उत्तरं जुनीच देते. नवी तयार झाली की एक पॉइंटर फिरतो. जुनीत शिरलेले शोध बाहेर पडेपर्यंत ती मोडली जात नाही. म्हणजे काही काळ दोघींना पुरेल इतकी मेमरी हवी. ती आहे का, हे आधी पाहा.

शेवटी पडताळा. रीत बदलली तरी उत्तर बदलता कामा नये. पण ‘रूट गेट’ ही आज्ञा मूळ तक्त्याला विचारते, आणि तो तर बदललेलाच नाही. म्हणून खरी पॅकेटं पाठवा: डिफॉल्ट रूटवर जाणारी, एकमेकांत गुंतलेल्या प्रिफिक्सांवरची. ती बरोबर पोचली, तरच वेग मोजा. शोधात मुळात वेळ जातच नव्हता असं दिसलं, तर जुनी रीत परत लावा. तोही विचारपूर्वक घेतलेला निर्णयच आहे.